सडपातळ सुनेची हमी

“ही माझ्याकडून,” म्हणत पुष्पामावशींनी चौथी पुरणपोळी माझ्या ताटात टाकली आणि मी हात आडवा धरायच्या आत तिच्यावर तूप ओतलं. “केळवणाला नाही म्हणायचं नसतं. आणि किती वाळलीयेस गं. सुलभानं पहिला फोटो दाखवला होता तेव्हा केवढी होतीस.”

पंगतीतल्या बायका हसल्या. मीही हसले. लग्न तीन आठवड्यांवर आलेल्या मुलीला दुसरं काही करायची मुभा नसते.

पुष्पामावशी म्हणजे माझ्या होणाऱ्या सासूबाईंची थोरली बहीण. कऱ्हाडला त्यांच्या घरी रविवारी दुपारी भाच्याचं आणि होणाऱ्या भाचेसुनेचं एकत्र केळवण चाललं होतं. माझ्या शेजारी कौस्तुभ, समोर त्याची आई सुलभाकाकू, पलीकडे माझे वडील, अण्णा. माझी आई जाऊन नऊ वर्षं झाली होती, त्यामुळे मिरजेहून आम्ही दोघंच आलो होतो. बाकी शेजारपाजारच्या पाच-सहा बायका. पाट, रांगोळी, उदबत्ती, सगळं साग्रसंगीत. त्या पाटावरून मला हात न टेकता उठता येत होतं, हे मात्र त्या इंजेक्शनचं पुण्य.

हो, इंजेक्शन. तिथल्या कुणाला ते माहीत नव्हतं, म्हणून तुम्हाला आधीच सांगते. दर रविवारी सकाळी मी पोटाला एक सुई टोचून घेत होते. वजन उतरवायची. तेव्हा ती आपल्याकडे नवीनच आली होती आणि महिन्याला साडेचौदा हजार पडायची. मी मिरजेच्या एका पतसंस्थेत कारकून, हातात पगार सव्वीस हजार. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हाच. अर्ध्याहून जास्त पगार पोटात टोचायचा आणि उरलेल्यात कमी जेवायचं, तेवढीच काय ती बचत.

आणि हे कशासाठी, तर सुलभाकाकूंच्या एका वाक्यासाठी. मला बघायला आल्या तेव्हा कांदेपोहे खाऊन, बशी खाली ठेवून, अण्णांना म्हणाल्या होत्या, “मुलगी गोड आहे हो. फक्त लग्नापर्यंत जरा आटोक्यात आणा, म्हणजे फोटोत शोभेल.” आटोक्यात आणा. जसा काही मी वणवा होते.

तुम्ही म्हणाल, तिथेच त्यांना दार का नाही दाखवलं. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते, हे अकरावं स्थळ होतं, आणि कौस्तुभ मला आवडला होता. खोटं कशाला बोलू. तो बोलताना डोळ्यांत बघून बोलायचा आणि हॉटेलातल्या वेटरला ‘अहो’ म्हणायचा. दहा नकार पचवल्यावर बाई एवढ्यावरही जीव लावते.

मिरजेच्या पेठकर डॉक्टरीणबाईंनी माझं रक्त तपासलं, गुडघे बघितले. वजन एक्क्याण्णव, साखर काठावर, पाळीचा कायमचा घोळ. म्हणाल्या, “घ्यायला हरकत नाही, तुला गरजही आहे. पण ऐक हर्षदा, लग्नाचा शालू एक दिवस नेसून ठेवून देतात तसं हे औषध नाही. बंद केलंस की भूक परत येते, आणि बहुतेकांचं वजनही.” मी मान डोलावली. लग्नाच्या तारखेपलीकडचं मला तेव्हा ऐकूच येत नव्हतं.

औषधाला मी नावं ठेवणार नाही. साडेपाच महिन्यांत तेरा किलो उतरले. साखर खाली आली, जिना चढताना गुडघे बोलायचे ते गप्प झाले. आयुष्यात पहिल्यांदा मी भज्यांच्या बशीसमोर बसून भज्यांचा विचार न करता गप्पा मारल्या. औषधानं आपलं काम चोख केलं. नावं ठेवायची तर माणसांना ठेवावीत, आणि पहिलं मला. कारण मी सगळ्यांना सांगितलं की चालायला जाते, रात्री भाकरी खाते आणि उठल्यावर जिऱ्याचं पाणी पिते. सुलभाकाकूंनी ते गावभर केलं. “आमच्या हर्षदानं नुसत्या मनाच्या जोरावर करून दाखवलं,” असं त्या भिशीत सांगायच्या, आणि त्यांच्या भिशीतल्या सात बायका माझ्या नावानं जिऱ्याचं पाणी ढोसत होत्या.

खरं फक्त अण्णांना माहीत होतं, कारण फ्रिजच्या दारातलं सुईचं पेन त्यांना दिसायचं. ते एवढंच म्हणाले, “तुला बरं वाटतंय ना?”

मागच्याच रविवारी डॉक्टरीणबाईंनी डोस वाढवला होता. तेलकट-तुपकट टाळ, थोडं थोडं खा, पोट भरल्यासारखं वाटलं की थांब, असं बजावलं होतं. आता त्यांना केळवण कोण समजावणार? केळवणात थांबायची सोय नसते. पानात टाकायचं नाही, वाढणाऱ्याला दुखवायचं नाही, आणि प्रत्येकीनं आपल्या हातचा एकेक पदार्थ वाढल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. आधी जी माणसं तुम्हाला बारीक व्हायला सांगतात, तीच नंतर तुमच्या तोंडात पुरण कोंबतात. आणि दोन्ही मायेपोटीच हो.

चौथी पोळी मी मठ्ठ्याच्या घोटांबरोबर खाली ढकलली. तेवढ्यात सुलभाकाकू जिलबी घेऊन आल्या. “आता सासूच्या हातचा घास. आ कर.” समोर तीन मोबाईल वर झाले, फोटोसाठी. मी आ केला. जिलबी गिळली आणि कळलं की आता काही खरं नाही. मी पाटावरून उठले, दोन बायकांच्या मधून वाट काढली आणि न्हाणीघर गाठलं. जे व्हायचं ते झालं. जुन्या घरातली न्हाणीघरं अशी असतात की आतला आवाज ओसरीपर्यंत जातो.

तोंड धुऊन बाहेर आले तर पुष्पामावशी लिंबाची फोड घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझा दंड धरला, आतल्या खोलीत नेलं. मागून सुलभाकाकू आल्या आणि त्यांनी दाराला कडी घातली.

“कधीपासून होतंय असं?” पुष्पामावशींनी अगदी मऊ आवाजात विचारलं.

“आठवडा झाला.”

“सकाळी पण?”

“सकाळीच जास्त.”

दोघी बहिणींनी एकमेकींकडे बघितलं. तरीही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

“आणि पाळी?” सुलभाकाकूंनी विचारलं.

“झाले की दोन महिने,” मी म्हणाले. माझी पाळी दोन-दोन महिने चुकायची, त्यात नवल ते काय. पण ते मला माहीत होतं, त्यांना कुठे होतं. सुलभाकाकू पलंगावर बसल्याच.

“कौस्तुभचंच आहे ना?” त्या म्हणाल्या.

तेव्हा उजेड पडला. मला आधी हसू आलं आणि मग अंगाचा तिळपापड झाला.

“काकू, काहीतरीच काय बोलताय?”

“काहीतरीच कसं? साखरपुड्यानंतर तुम्ही दोघं पन्हाळ्याला गेला होतात.”

“दुपारी गेलो आणि सातच्या आत परत आलो.”

“दुपार काय थोडी असते?” पुष्पामावशी म्हणाल्या.

सुलभाकाकूंनी डोळ्यांना पदर लावला. लोक बोटं मोजतील, सातव्या महिन्यात बारसं करायचं का, नणंदेला काय तोंड दाखवू, अशी त्यांची टकळी सुरू झाली. पुष्पामावशी व्यवहारी. म्हणाल्या, “रडून काय होणार? कोपऱ्यावर मेडिकल आहे, तपासायची पट्टी मिळते. मी आणते, हिला इथेच बसू दे.” आणि पायात चप्पल घालायलाही लागल्या.

माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. एक तर लग्नाच्या तीन आठवडे आधी, परक्या घरात, दोन बायकांच्या पहाऱ्यात त्या पट्टीवर आपली अब्रू तपासून घ्यायची. नाहीतर खरं सांगायचं. मी पर्समधून डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी काढली आणि सुलभाकाकूंच्या हातात दिली.

“दिवसबिवस गेलेले नाहीत. मी वजनाचं इंजेक्शन घेते. त्यानं मळमळतं. त्यावर चार पुरणपोळ्या खाल्ल्या की उलटी होते.”

आता तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून मी तयारीत उभी राहिले. पण पुष्पामावशींनी पायातली चप्पल काढली आणि माझ्याजवळ येऊन बसल्या.

“दुखतं का गं टोचताना?”

“नाही.”

“आणि ते जिऱ्याचं पाणी?”

“ते नुसतं पाणीच आहे, मावशी.”

“मी चार महिने पितेय,” त्या म्हणाल्या. “आणि हे केवढ्याला पडतं?”

मी सांगितलं. किती उतरलं तेही सांगितलं. त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला. “म्हणजे किलोमागे सहा हजार,” असं त्या बाजारातून आणलेल्या वस्तूचा भाव बोलावा तशा माझ्याकडे बघून बोलल्या.

सुलभाकाकू मात्र चिठ्ठीवरून नजर काढत नव्हत्या. रडणं केव्हाच थांबलं होतं. “बंद केलं तर?” त्यांनी विचारलं.

खोटं बोलायचा मला आता कंटाळा आला होता. “बंद केलं तर वजन परत वाढतं. बहुतेकांचं.”

त्यांनी चिठ्ठीची घडी घातली. “मग बंद करायचंच नाही,” म्हणाल्या, आणि कडी काढून बाहेर गेल्या.

बाहेर शेजारणी पांगल्या होत्या. अण्णा आणि कौस्तुभ झोपाळ्याशेजारच्या खुर्च्यांवर विड्याची पानं घेऊन बसले होते. सुलभाकाकू अण्णांच्या समोर बसल्या, चिठ्ठी त्यांच्या पुढ्यात ठेवली.

“अण्णा, हे तुम्ही आमच्यापासून लपवलंत.”

अण्णांनी चिठ्ठी बघितली, माझ्याकडे बघितलं. “चुकलं, वहिनी,” ते म्हणाले.

“झालं ते झालं. आम्ही काही मोडायला बसलेलो नाही, तसली माणसं नाही आम्ही. पण तुम्हीच सांगा, उद्या हिनं औषध सोडलं आणि होती तशी झाली, तर? जी मुलगी आम्ही पसंत केली तीच आमच्या घरात राहायला हवी ना?”

“काकू, तुम्ही पसंत केलीत ती एक्क्याण्णव किलोची होती,” मी म्हणाले.

“आटोक्यात आणायच्या बोलीवर केली होती,” त्यांनी लगेच सांगितलं. मग पुन्हा अण्णांकडे वळल्या. “हे बघा, हुंडाबिंडा आमच्यात घेत नाहीत. मागायचा प्रश्नच नाही. पण दुखणं माहेरचं, तर औषधही माहेरचंच, हो ना? महिन्याचा जो काही खर्च आहे तो तुम्ही बघायचा. कागदावर चार ओळी लिहून द्या, म्हणजे पुढे शब्दाला शब्द नको.”

ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, यात सुलभाकाकूंचा हात कुणी धरला नसता. हुंडा नको, पण दर महिन्याला साडेचौदा हजार हवेत, आणि तेही आयुष्यभर. शिवाय पैसे त्यांच्या हातात द्यायचे नाहीत, औषधाच्या दुकानात द्यायचे, म्हणजे पाप लागायला नको.

“आणि नातवाचं काय?” मी विचारलं. “मूल हवं असेल तर दोन महिने आधी हे बंद करावं लागतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. आणि बाळ अंगावर पीत असेल तोवर पुन्हा सुरू करायचं नाही.”

हे त्यांना नवीन होतं. वर्षाच्या आत पाळणा हलला पाहिजे, असं त्यांनी साखरपुड्यातच जाहीर केलं होतं. त्यांना नातूही हवा होता आणि सूनही फोटोतलीच हवी होती. त्या दोन्ही गोष्टी एकाच पोटातून कशा काढायच्या, याचा त्या क्षणभर विचार करत राहिल्या.

“ते तेव्हाचं तेव्हा बघू,” त्या म्हणाल्या. “तेवढे महिने खर्च माफ.”

मला वाटलं, आता अण्णा काहीतरी बोलतील. त्यांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला.

“कागद आहे का, वहिनी?”

पुष्पामावशींनी आतून फुलस्केप कागद आणून दिला. अण्णा नगरपालिकेच्या शाळेत मुख्याध्यापक होते, अक्षर मोत्यासारखं. त्यांनी मासिकाच्या पाठीवर कागद ठेवला आणि समास सोडून लिहायला सुरुवात केली. ‘मी, दत्तात्रय विष्णू आठल्ये, राहणार मिरज, लिहून देतो की’.

मला त्या क्षणी सुलभाकाकूंचा राग आला नाही. अण्णांचा आला. सदुसष्ट वर्षांचा माणूस, पेन्शन बत्तीस हजार, स्वतःचं मोतिबिंदूचं ऑपरेशन दोन वर्षं पुढे ढकललेलं, आणि मान खाली घालून परक्यांना मुलीच्या पोटाची हमी लिहून देतोय. इतकं मवाळ असावं का माणसानं, असं मनात आलं. लाजच वाटली मला त्यांची.

“किती वर्षांसाठी लिहू?” अण्णांनी विचारलं.

“वर्षं कशाला घालता? चालू राहील तोवर,” सुलभाकाकू म्हणाल्या.

मी कौस्तुभकडे वळले. एवढा वेळ तो पानाचे देठ खुडत बसला होता.

“तुला काय वाटतं?”

त्यानं माझ्या डोळ्यांत बघितलं, नेहमीसारखंच. “अगं, आई काही वाईट हेतूनं म्हणत नाहीये. तुझ्या तब्येतीसाठीच आहे ना ते.”

“तब्येतीसाठी असेल तर तू दे पैसे. तब्येत तुझ्या बायकोची असणार आहे.”

“देईन ना, म्हणजे थोडेफार देईन. पण फ्लॅटचे हप्ते सुरू झालेत, तुला माहितीये. आणि एकदा लिहून झालं की आईचंही समाधान होईल, मग कोण विचारतंय?”

“बरं. मग एकच सांग. मला औषध बंद करावं लागलं, परवडेना म्हणून किंवा झेपेना म्हणून, आणि मी पुन्हा एक्क्याण्णव किलोची झाले. तर मी तुला चालेन का?”

तो विचार करायला लागला.

खरंच विचार करत होता हो. कपाळाला आठी घालून, खाली बघून, अगदी प्रामाणिकपणे. खोटं बोलायला एक क्षण पुरतो, मी साडेपाच महिने बोलत होते, मला अनुभव होता. त्यानं नुसतं ‘हो’ म्हणून टाकलं असतं तर मी त्या कागदावर साक्षीदार म्हणून सहीसुद्धा केली असती. इतकी मी वेडी होते. सुलभाकाकू त्याच्याकडे बघत होत्या, पुष्पामावशी बघत होत्या.

अण्णांचं पेन थांबलं होतं. त्यांनी मान वर केली नाही. पेनाला टोपण लावलं, कागदाची घडी केली, पुन्हा एक घडी केली आणि खिशात ठेवली. मग गुडघ्यांवर हात देऊन उठले.

“हर्षदा, चप्पल घाल.”

“अहो अण्णा, असं काय करता?” सुलभाकाकू गडबडून उठल्या. “पत्रिका वाटून झाल्यात. हॉल ठरलाय. तो सांगतोय ना, जरा वेळ तरी द्याल.”

“वाळिंबेबाई,” अण्णा म्हणाले. इतका वेळ वहिनी म्हणत होते. “एकच प्रश्न होता, आणि तोही सोपा. ज्याला येत नाही त्याला वरच्या वर्गात ढकलायचं, हे मी नोकरीत पुष्कळ केलं. आता माझ्यावर कुणाचा दबाव नाही.”

आम्ही बाहेर पडलो. दारात पुष्पामावशींनी माझ्या हातात केळवणाची साडी द्यायचा प्रयत्न केला, मी ती त्यांच्याच हातात ठेवली. कौस्तुभ पायरीपर्यंत आला आणि “फोन करतो” म्हणाला.

त्याचा फोन आला नाही. पुष्पामावशींचा आला, महिन्याभरानं, डॉक्टरीणबाईंचा नंबर मागायला. मी दिला. मी ते औषध पुढे वर्षभर घेतलं, साखरेसाठी आणि गुडघ्यांसाठी. मग परवडेना म्हणून सोडलं, सात किलो परत आले, आणि आभाळ काही कोसळलं नाही. हल्ली ते पुष्कळ स्वस्त झालंय. आता लग्नाच्या याद्यांमध्ये फुलवाल्याच्या खाली त्याचीही ओळ असते, आणि हे मी डोळ्यांनी बघितलंय.

पण त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. कऱ्हाडच्या स्टँडवर आम्ही मिरजेच्या एसटीची वाट बघत बाकावर बसलो होतो. अण्णांनी खिशातून तो कागद काढला आणि मांडीवर उलगडला. दीड ओळ लिहून झाली होती. माझा राग अजून उतरला नव्हता, अण्णांवरचा.

“तुम्ही लिहायला बसलातच कसे?” मी म्हणाले. “थोडीसुद्धा चीड आली नाही तुम्हाला? त्या बाई माझी किंमत करत होत्या, आणि तुम्ही समास सोडत होतात.”

अण्णांनी कागद फाडला. एकदा, दोनदा, बारीक बारीक.

“आली ना,” ते म्हणाले. “पण तुला तो आवडला होता.”